चौकात सगळं दिसतं

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी तक्रार करायला नको. मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं, कापायचं लांब टेबल आणि एक आरसा, एवढा माझा कारभार. गिऱ्हाईकं मला घाबरतात आणि तरी माझ्याकडेच येतात, कारण माझ्या हातची बाही काखेत ओढत नाही.

तर माझ्या धाकट्या भावाने पावाच्या गाडीने एका सायकलवालीला उडवलं, तेव्हा पहिला आवाज चढला तो माझाच.

"आंधळा आहेस का रे तू?" मी विचारलं.

"ताई, ती दिसलीच नाही मला."

"दिसली नाही? त्या चौकात? अरे, तिथे मांजर बसलं तरी लांबून दिसतं!"

खरंच दिसतं. गाव संपतं आणि शेतं सुरू होतात तिथे दोन सरळ रस्ते एकमेकांना छेदून जातात. वळण नाही, चढ नाही, घर नाही, झाड नाही. कापायच्या टेबलासारखी सपाट जागा. सकाळचे नऊ वाजलेले, लख्ख ऊन. दवाखान्यातली एक नर्स रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघालेली, ती उजव्या हाताच्या रस्त्याने आली. हा सरळ येत होता. आणि बरोब्बर चौकाच्या मधोमध दोघांची गाठ पडली. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. यानेच तिला उचलून गाडीत घातलं आणि तिच्याच दवाखान्यात नेलं. पोलिसांना सांगताना एकच वाक्य, मला ती दिसलीच नाही. ते ऐकून दवाखान्यातले लोक त्याच्या अंगावर धावून गेले म्हणे. मी तिथे असते तर मीही गेले असते.

एकोणीस वर्षं गाडी चालवतोय तो. दारूला शिवत नाही. मला वाटलं, फोन बघत असणार. तसं तोंडावर म्हटलंही. तर भावजय मान खाली घालून म्हणाली, "ताई, फोन त्या दिवशी घरीच राहिला होता. चार्जिंगला. अपघाताचं मला शेजारणीकडून कळलं."

मग त्याने डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत, काही झालेलं नाही. मला वाटलं सुटलो. पण हा त्या दिवसापासून जास्तच खचला. घरी बसवेना म्हणून माझ्या दुकानात येऊन बसायचा, शर्टांना बटणं लावून द्यायचा. मध्येच खिडकीबाहेर बोट करायचा. "ताई, त्या कोपऱ्यावर बाई उभी आहे ना? निळ्या कपड्यातली?"

"आहे बाबा."

"आणि तिच्या मागे?"

"मागे भिंत."

तेव्हा कुठे सुई परत हातात घ्यायचा. असं दिवसातून दहादा. एकदा सुई थांबवून हळूच म्हणाला, "डोळे चांगले आहेत, म्हणजे डोक्यातच काहीतरी बिघडलंय. एक अख्खं माणूस दिसलं नाही मला. उद्या परत तसंच झालं तर? समितीने लायसन काढून घेतलं नाही, तरी मी गाडीला हात लावणार नाही." रस्ता समितीपुढे त्याच्या लायसनची सुनावणी दीड महिन्याने होती, आणि बेकरीच्या मालकाने तोवर त्याची जागा राखली होती. पण ते सगळं मला दुय्यम वाटायला लागलं. माझा भाऊ स्वतःच्या डोळ्यांना घाबरायला लागला होता, आणि त्याला आंधळा पहिल्यांदा मी म्हटलं होतं.

कपडा अंगावर नीट बसला नाही, तर मी गिऱ्हाइकाच्या अंगाला नावं ठेवत नाही. परत टेप काढते. इथे तेच करायला हवं होतं. फोन नाही, दारू नाही, डोळे चांगले, ऊन लख्ख. मग ती बाई गेली कुठे?

सुट्टीच्या दिवशी मी आमच्या ह्यांना सायकलीसकट बेकरीच्या अंगणात घेऊन गेले. आमचे हे पोस्टात आहेत, आयुष्यभर सायकल चालवली तरी पोट तसूभर कमी झालेलं नाही. गाडी तिथेच उभी होती. बंपर चेपलेला बघून मला कसंसंच झालं. भाऊ दारात उभा राहिला, आत बसायला तयार होईना. म्हणून मीच चढले ड्रायव्हरच्या जागेवर. जन्मात पहिल्यांदा.

पहिली गोष्ट मला काय दिसली असेल, तर खांब. पुढची काच आणि दाराची काच यांच्या मध्ये छताला आधार देणारा तो लोखंडी खांब असतो ना, तो. बाहेरून बघताना कधी लक्षात आला नव्हता. आतून चांगला माझ्या पंजाएवढा रुंद.

"हा एवढा दांडगा खांब डोळ्यांसमोर ठेवून तुम्ही गाडी चालवता?"

"कुठला खांब?" भाऊ म्हणाला. मग वाकून बघितलं. "हा होय. हा काय, असतोच."

एकोणीस वर्षं! मी एक डोळा मिटून बघितलं, तर खांबामागे बेकरीचं अख्खं दार गडप. भाऊ म्हणाला, "मी दोन डोळ्यांनी चालवतो ताई." मुद्दा बरोबर होता. मग मी पिशवीतून दोऱ्याची रिळं काढली. एक दोरा डाव्या डोळ्यापासून खांबाच्या डाव्या कडेला लावून काचेपर्यंत ताणला, तिथून काचेबाहेर त्याच रेघेत पुढे सोडला. दुसरा उजव्या डोळ्यापासून उजव्या कडेला लावून. दोन्ही डोळ्यांना मिळून जे दिसत नाही, ते या दोन दोऱ्यांच्या मध्ये. ह्यांना म्हटलं, दोरे ताणून चालत सुटा. हे एकेक दोरा धरून निघाले, अंगण संपलं, फाटकाबाहेर गेले, चाळीस पावलांवर थांबले आणि दोन्ही टोकांना एकेक दगड ठेवला. मी उतरून बघायला गेले. दोन दगडांमध्ये ह्यांची सायकल आडवी ठेवली. मागचं चाक आत, पुढचं चाक आत, आणि वर पुन्हा वीतभर जागा शिल्लक.

"अगं बाई!" मी म्हटलं. ह्यांनी सायकलवर बसून बघितलं. पोटासकट मावले.

भाऊ दगडांकडे टक लावून बघत राहिला. मग मान हलवली. "ताई, पण गाडी काय उभी होती का? मी चाललो होतो, ती चालली होती. क्षणभर खांबामागे गेली असेल, पुढच्या क्षणाला बाहेर यायला नको?"

यायला हवी, हे माझ्याही लक्षात आलं. दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. एका झग्याचा गळा चुकीचा कापला, गिऱ्हाइकावरच ओरडले, मग जाऊन माफी मागितली. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून टेबलावर खडूने चौक काढला. काळं बटण म्हणजे गाडी, पांढरं बटण म्हणजे सायकल. भाऊ म्हणाला होता की त्याचा वेग सायकलीच्या दुपटीच्या आसपास असणार. म्हणून काळं बटण दोन बोटं सरकवायचं, पांढरं एक बोट. दर खेपेला दोघांमधून एक दोरा ताणून त्याची रेघ मारायची. पाच वेळा सरकवलं, पाच रेघा मारल्या आणि मागे होऊन बघितलं.

सगळ्या रेघा एकाच तिरकसात. कापडावर पट्टी ठेवून आखाव्यात तशा.

म्हणजे गाडीतून बघितलं तर ती सायकल शेवटपर्यंत एकाच कोनात राहते. मागे पडत नाही की पुढे येत नाही. एकदा खांबामागे गेली की खांबामागेच बसते आणि जिथे दोघं एकमेकांना भेटतात तिथेच बाहेर पडते. आणि ज्यांची टक्कर होणार असते त्यांच्याच बाबतीत हे होतं. बाकीच्या सायकली दिसतात! मी खुर्चीत बसले. अंगावर काटा आला. पण खोटं कशाला बोलू, मजाही वाटली. इतकं सरळ गणित आणि कुणाला माहीत नाही.

मग मी ते मोडून बघायला लागले. काळं बटण दोन बोटं, दोन बोटं, मग अर्धंच बोट सरकवलं. तिरकस लगेच बदललं, पांढरं बटण खांबातून बाहेर. म्हणजे चौकाजवळ गाडीने वेग कमी केला की सायकल दिसते. मग करत का नाहीत लोक वेग कमी? पूर्वी तर करायचे. पूर्वी त्या चौकात प्रत्येक गाडी जवळपास थांबायची, ड्रायव्हर मान बाहेर काढून बघायचा, शिव्या द्यायचा आणि मग जायचा. कारण पूर्वी तिथे...

माझा हात टेबलावर तसाच राहिला.

पूर्वी त्या कोपऱ्यावर झुडपं होती. दीड माणूस उंच, दाट, चौकापर्यंत आलेली. काही म्हणजे काही दिसायचं नाही. ती काढा म्हणून दोन वर्षांपूर्वी मी अर्ज केला होता. मी! दारोदार हिंडून एकशे बारा सह्या गोळा केल्या. पालिकेत जाऊन टेबलावर हात आपटला, म्हटलं कुणाचा जीव गेल्यावर तुम्ही जागे होणार का? शेवटी त्यांनी झुडपं मुळासकट काढली. गावातल्या पेपरात माझा फोटो आला. आमचे हे अजून चेष्टा करतात की कापायचं काम होतं, हिच्याकडेच यायला हवं होतं.

त्या रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "सापडलं?"

"सापडलं," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. झुडपांचंही सांगितलं.

ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "झुडपांचं सांगायलाच हवं का? खांबाचं पुरे की."

मलाही तेच वाटत होतं, देवाशपथ. पण खांब प्रत्येक गाडीला असतो. समितीवाले म्हणाले असते, मग मान हलवून बघायला काय झालं होतं? खापर परत भावाच्याच डोक्यावर. आणि चौक तसाच राहिला असता, पुढच्या सायकलवाल्याची वाट बघत.

सुनावणीला पाच माणसं होती. अध्यक्ष म्हणजे कडक इस्त्रीचे एक गृहस्थ. त्यांच्या शेजारी रस्ते खात्याची इंजिनिअर, तरुण मुलगी, केस मागे घट्ट बांधलेले. आणि समोरच्या बाजूला ती नर्स, कुबड्या खुर्चीला टेकवून. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. पस्तिशीची असेल. भाऊ तिच्याकडे बघू शकला नाही.

ती शांतपणे बोलली, तेच जास्त लागलं. "मला त्यांचं एवढंच खटकतं, की हे खोटं बोलतात. गाडी मला लांबून दिसत होती. मधे काहीही नव्हतं. त्यांनी मला बघितलं होतं. बघूनही वेग कमी केला नाही, बाई थांबेल म्हणून. तेवढं कबूल करावं. पाय काय, बरा होईल."

मग मी उठले. माझा नंबर नव्हता, अध्यक्षांनी हात वर केला, पण मी बसले नाही.

"सिस्टर, एक विचारू? गाडी दिसली म्हणता. गाडीतला माणूस दिसला का?"

"म्हणजे?"

"चेहरा. डोळे. दाढी वाढली होती की नव्हती?"

ती बोलायला गेली आणि थांबली. कपाळावर आठी पडली. "गाडी दिसली," ती हळूच म्हणाली. "पांढरी गाडी. आता तुम्ही विचारताय तर... चेहरा आठवत नाही."

मग मी कापडाचा तुकडा पसरला, बटणं मांडली आणि सगळं दाखवलं. इंजिनिअर मुलगी खुर्ची सोडून टेबलावर ओणवी झाली. तिने तीनदा बटणं स्वतः सरकवून बघितली. मग फाइल उघडली. "हा या चौकातला दोन वर्षांतला तिसरा अपघात," ती म्हणाली. "तिन्ही वेळा सायकल, तिन्ही वेळा उजवीकडून, आणि तिन्ही ड्रायव्हर म्हणाले की दिसलं नाही. आम्ही तिघांनाही खोटं ठरवलं. त्याच्या आधी दहा वर्षांत एकही नाही. दोन वर्षांपूर्वी तिथे बदललं तरी काय?"

अध्यक्षांना आठवत होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण ते माझ्याकडे बघून गप्प राहिले. चांगला माणूस.

"मी बदललं," मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "झुडपं होती, ती मी काढायला लावली. झुडपं होती तोवर काही दिसायचं नाही, म्हणून लोक थांबायचे. आता सगळं दिसतं असं वाटतं, म्हणून कुणी थांबत नाही. यात माझ्या भावाची चूक किती ते तुम्ही ठरवा. पण माझी आहे, ती लिहून घ्या." मग नर्सकडे वळले. "सिस्टर, मला माफ करा. मी चांगल्यासाठीच केलं होतं. पण तुमचा पाय त्यानेच मोडला."

भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याला मी हे आधी सांगितलं नव्हतं, धीर झाला नव्हता.

इंजिनिअर म्हणाली, "म्हणजे तिथे आडोसा उभा करायला हवा. लाकडी पट्ट्यांचा, उंच. मागून परत झुडपं लावू. आणि चौकाच्या तोंडाशी थांबायची रेघ."

"आडोसा?" अध्यक्ष म्हणाले. "लोकांना दिसू नये म्हणून आपण आडोसा लावायचा? मला वेड्यात काढतील!"

"काढू देत," ती म्हणाली. "पण कापडावरची बटणं बघून मी आदेश लिहू शकत नाही. चौकात जाऊन बघावं लागेल."

तेव्हा नर्स म्हणाली, "गाडीत मी बसणार. आणि मी होते तिथे, सायकलवर, त्यांना बसवा."

चार दिवसांनी सकाळी नऊ वाजता इंजिनिअरने दोन्ही रस्ते अडवले. मी आदल्या दिवशी टेप घेऊन मापं काढली होती. गाडीच्या रस्त्यावर दर वीस पावलांना लाल चिंधीची काठी, सायकलच्या रस्त्यावर दर दहा पावलांना. भाऊ ह्यांची सायकल घेऊन लांब आपल्या पहिल्या काठीशी जाऊन उभा राहिला. नर्स भावापेक्षा बुटकी, म्हणून मी सीटवर घडी घातलेली चादर ठेवली. दोघांचे डोळे एकाच उंचीवर आले की नाही ते टेपने बघितलं. पाय कसाबसा आत घेऊन ती बसली. इंजिन बंदच ठेवलं होतं. मागून गाडी ढकलायला अध्यक्षांसकट समिती आणि आमचे हे. कडक इस्त्रीचं त्या दिवशी पार भजं झालं.

मी दाराशी, खिडकीत हात टाकून. "सिस्टर, सरळ बघा, तो बघतो तसं. दिसतोय?"

"नाही."

ढकला. वीस पावलं. तिकडे इंजिनिअरने खूण केली, भाऊ दहा पावलं पुढे आला. "आता?"

"नाही. आहेत ना ते?"

"आहे."

तिसरी काठी. चौथी. मला बाहेरून तो स्वच्छ दिसत होता, सायकलवर ताठ बसलेला, दोन्ही हात मुठींवर आवळून. आत ती एकटक बघत होती, समोर, बाजूला, आणि दर खेपेला मान हलवत होती. पाचव्या काठीला ती बोललीच नाही. तिचे हात स्टिअरिंगवर आपोआप गेले होते आणि बोटं पांढरी पडली होती.

"सिस्टर?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "रस्ता रिकामा आहे."

तो इतक्या जवळ होता की त्याला तिचं बोलणं ऐकू गेलं. तो म्हणाला, "सिस्टर, मलाही तुमचा चेहरा दिसत नाहीये. गाडीच दिसतेय नुसती."

आवाज कानाशी आल्यावर ती दचकली. मग तिने स्टिअरिंगला धरून अंग पुढे ओढलं, दुखऱ्या पायावर भार आला तशी कण्हली, पण ओढत राहिली, नाक काचेला टेकेपर्यंत. खांबाच्या पलीकडून डोकावली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मागे ढकलणाऱ्यांना काही कळेना, ते आपले वाकून उभे.

"आता दिसलात," ती म्हणाली.

भावाने सायकल हळूच रस्त्यावर आडवी ठेवली, तिथेच खाली बसला आणि रडायला लागला. अपघात झाल्यापासून पहिल्यांदा. मी त्याच्याकडे जायला निघाले, तर ती म्हणाली, "तुम्ही थांबा," आणि दार उघडून माझ्याकडे कुबड्या मागितल्या.